पाठमोरी चार मुलं

वालूर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. राजेश्री,

तुला, जावईबापूंना आणि पिंकीला नानांचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. थंडी मात्र यंदा हट्टाला पेटली आहे. सकाळी नऊ वाजेपर्यंत ऑइल पेंट डब्यातून बाहेर यायला तयार नसतो. तुझ्या आईचा गुडघा परवा पुन्हा धरला होता, पण काल हुरड्याचं बोलावणं आलं आणि तो आपोआप मोकळा झाला. शेतात तिनं माझ्यापेक्षा दोन कणसं जास्तच खाल्ली. थोडा हुरडा वाळवून ठेवते म्हणाली, कुणी गंगाखेडकडे येणारं असलं की पाठवू.

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकतो की कुणालाही काही झालेलं नाही. घरात फोन असताना नानांनी पत्र का लिहिलं, असं तुला वाटणार. फोनवर माझं कसं होतं ते तू जाणतेस. तू विचारतेस, 'नाना, बरे हात का?' मी म्हणतो, 'हो, घे, आईशी बोल.' संपलं बोलणं. चाळीस वर्षं लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण स्वतःचं चार ओळींचं सांगायचं म्हटलं की मला घाम फुटतो. गेल्या महिन्यात दोनदा तुझ्याकडे राणीसावरगावला येऊन गेलो, आठवतं? दोन्ही वेळा हेच सांगायला आलो होतो. तुझ्या हातचं जेवलो, पिंकीशी पत्ते खेळलो आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत निघालो.

पिंकीच्या फॉर्मचं तुझ्या आईनं मला सांगितलं आहे. त्यावर लिहायचंच आहे. पण आधी इकडची एक गंमत वाच.

गावच्या शाळेला नवे हेडमास्तर आले आहेत, हरिओम सर. तरुण माणूस आहे, हौशी आहे. मैदानाकडची लांब भिंत त्यांनी पांढरी करून घेतली आणि मला बोलावून म्हणाले, भागवतराव, सव्वीस जानेवारीला पाहुणे येणार आहेत, या भिंतीवर मुलं मैदानात खेळताना असं मोठं चित्र काढून द्या. कोणता खेळ ते तुम्हीच ठरवा. फ्लेक्स आल्यापासून मला एवढी मोठी भिंत कुणी दिली नव्हती. मी तिथंच उभ्या उभ्या सांगून टाकलं, खो-खो काढतो. दुसऱ्या खेळाचं नावसुद्धा मनात आलं नाही.

मग शाळेतली नऊ मुलं-मुली निवडली. आठ बसलेली आणि एक धावणारी. दोरी मारून रेघा आखल्या, खडूनं आकार पाडले, आणि गावभर बातमी झाली की भागवत पेंटर खऱ्या लेकरांची चित्रं काढायलाय. दुसऱ्या दिवसापासून आयांची रांग. एक म्हणे, आमच्या पोराचे कान जरा आत घ्या. एक म्हणे, पोरीच्या कानात डूल दाखवा, आहेत आमच्या घरी. एक म्हातारी तेलाची बाटली घेऊन आली आणि नातवाचा भांग पाडून मगच त्याला माझ्यापुढं बसवला. सगळ्यांचं एकच सांगणं होतं की आमच्या लेकराचं तोंड रस्त्यावरून नीट दिसलं पाहिजे. मलाही ते पटलं. दुकानाची पाटी कधी कुणी उलटी लावतं का? मी आठच्या आठ मुलं ओळीनं रस्त्याकडे तोंड करून बसवली. सगळे हसरे चेहरे. आठ दिवस खपलो. गाव खूश, हेडमास्तर खूश, आणि मी तर काही विचारू नकोस. संध्याकाळी उगाच रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघत उभा राहायचो.

तीन तारखेला, शुक्रवारी सिद्धोधन सर तिथून चालले होते.

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे, पण पुढं वाच. तुमचे हे खेळाचे सर रिटायर होऊन दहा वर्षं झाली. केस सगळे पांढरे झालेत, चालणं मात्र अजून तसंच, परेडला निघाल्यासारखं. ते थांबले, चष्मा पुसला आणि बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. जवळ येऊन हळूच म्हणाले, "भागवतराव, चित्र लय सुंदर हाय. पण ही सगळी एकाच तोंडानं बसलीत. असं बसले तर पळणारा मागच्या बाजूनं घरी जाऊन चहा पिऊन येईल."

मला कळेना. तेव्हा त्यांनी मैदानातली चार पोरं बोलावून मला बसवून दाखवलं. एक या बाजूला तोंड करून, शेजारचा त्या बाजूला, पुन्हा एक इकडे, एक तिकडे. म्हणजे दोन्ही बाजूंनी उठून धावता येतं. पाचवीतल्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. पोरं माझ्याकडे बघून फिदीफिदी हसायला लागली, आणि मीही हसलो. हसता हसता मला एकदम कसंसंच झालं. पाच वर्षं माझी पोरगी हा खेळ खेळत होती, आणि तिला त्या रेघेवर कसं बसायचं असतं एवढंही मला माहीत नव्हतं.

आता आठांतली चार मुलं पाठमोरी करायची म्हणजे चार आयांची समजूत घालायची. जिचा नातू पाठमोरा होणार होता ती तेलाच्या बाटलीवाली म्हातारी तर शाळेत येऊन ठिय्या देऊन बसली. "मह्या लेकराची पाठ कोण बघंल?" एवढंच परत परत म्हणायची. हरिओम सर बेजार झाले, म्हणाले राहू द्या तसंच, पाहुण्यांना काय कळतं. सिद्धोधन सर ऐकेनात. त्यांनी रोज दुपारी त्या चौघांना मैदानात खरोखर बसवलं आणि मला मागं उभं केलं. म्हणाले, बघा आता. मी तीन दिवस फक्त पाठी बघितल्या. एकाची सदऱ्याची शिवण उसवलेली. एक पोरगी वेणीचं टोक तोंडात धरून बसते. म्हातारीचा नातू एक खांदा वर ठेवून बसतो, कधीही उठायला तयार. मी तसंच रंगवलं. परवा म्हातारी आली, काठी टेकून उभी राहिली आणि कुणी न सांगता त्याच्यापाशी बोट नेऊन म्हणाली, "ह्यो आमचा." मग ती तिथंच बसून राहिली, बराच वेळ.

पोरी, आता गंमत संपली.

पाठी रंगवत होतो तेव्हा सर शेजारी खुर्ची टाकून बसायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, राजेश्री कशी हाय? मी म्हटलं बरी आहे, अंगणवाडीत आहे, एक मुलगी आहे. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "खांबावर सूर मारणारी तशी पोरगी मला पुन्हा भेटली न्हाई." मी ब्रश डब्यात ठेवला आणि उन्हाचं कारण सांगून घरी आलो.

तुला आठवतं, तू नववीत होतीस. डिसेंबर २००७. परभणीला जिल्ह्याचा अंतिम सामना होता. तू मला चार दिवस आधीपासून म्हणत होतीस, नाना, या वेळी तरी या. मी सांगितलं, सेलूला जिनिंग मिलच्या फाटकाचं काम आहे, जमणार नाही. तू आजवर मला चिडवतेस की नाना माझ्या एकाही सामन्याला आले नाहीत.

मी आलो होतो. सेलूहून रेल्वेनं परभणीला आलो आणि मैदानाच्या कडेला गर्दीत मागं उभा राहिलो. तुला अचानक दिसायचं, असा बेत होता. खिशात तुझ्यासाठी पेढ्याची पुडी होती. तर शेजारी उभे होते दत्तराव. तुझ्या आईचे मावसभाऊ, तू ओळखतेसच. त्यांनी मला बघितलं, मग मैदानाकडे बघितलं. तू तेव्हाच खांबापाशी सूर मारून मातीत पडली होतीस. ते म्हणाले, "भागवत, एवढी मोठी पोरगी, हाफ पँटीवर चार लोकांपुढं लोळायलीय. उद्या सोयरीक कुठं करशील?"

त्यानंतर मी तुझ्याकडे बघितलंच नाही. कोण कोण तुझ्याकडे बघतंय, तेवढंच बघत राहिलो. रसवंतीवाला, कॉलेजची पोरं, भिंतीवर बसलेले रिक्षावाले. खेळ माझ्यापुढं चालू होता आणि मी बघणाऱ्यांची तोंडं बघत होतो. सामना संपायच्या आधीच मी निघालो. म्हणून तर मला माहीत नव्हतं मुली कशा बसतात. भिंतीवरची चूक तिथून आली.

पुढचं लिहायला चार कागद फाडले आहेत.

आठ दिवसांनी सिद्धोधन सर मोंढ्यातल्या एका दुकानापाशी माझ्याकडे आले, मी पाटी रंगवत शिडीवर होतो. राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडला होता, यादी त्यांच्या हातात होती. आपल्या शाळेतून एकच नाव होतं. तुझं. संमतीच्या कागदावर वडिलांची सही पाहिजे होती. मी शिडीवरून खाली उतरलो नाही. म्हटलं, मी सही करणार नाही. त्यांनी पुष्कळ समजावलं, स्वतःची बायको मुलींबरोबर पाठवतो म्हणाले. मी ऐकलं नाही. वर त्यांनाच विनंती केली की तिला सांगा, निवड झाली नाही. सर म्हणाले, "मी खोटं सांगणार न्हाई. आन तिनं मला इचारलं तर खरं काय ते सांगीन."

मग ते खोटं मी सांगितलं. संध्याकाळी घरी आलो आणि म्हटलं, राजू, यादी आली, तुझं नाव नाही.

तू सरांना विचारायला गेली नाहीस. नानांनी सांगितलं म्हटल्यावर विचारायचं काय, एवढा तुझा विश्वास. दोन दिवस तू जेवली नाहीस. तिसऱ्या दिवशी कॅनव्हासचे बूट शेजारच्या पोरीला देऊन टाकलेस. आणि चौथ्या दिवशी मी ओसरीवर पाटीचा पत्रा घासत बसलो होतो, तर तू माझ्याजवळ येऊन बसलीस आणि म्हणालीस, 'नाना, तुमी वाईट वाटून घेऊ नका, माझ्यातच कमी असंल.' मी पत्रा घासत राहिलो. त्या दिवशी सांगितलं असतं तरी चाललं असतं, अजून दोन दिवस मुदत होती.

सरांवर तू रागावलीस. त्यांच्या तासाला खाली मान घालून बसायचीस, लग्नाची पत्रिका त्यांना द्यायची नाही म्हणालीस, आणि मी दिली नाही. गल्लीतल्या लोकांनी त्यात आपल्या पदरचं घातलं. त्याच्या माणसांची पोरगी नव्हती म्हणून सिद्धोधननं नाव पुढं पाठवलं नाही, असं उघड बोलत होते. मी पारावर बसून हे ऐकलं आहे, राजेश्री. एकदा नाही, कितीदा तरी. ज्या माणसानं माझ्या पोरीसाठी माझ्या शिडीखाली तासभर उभं राहून विनवण्या केल्या, त्याच्या जातीवर लोक गेले आणि मी चहा पीत गप्प बसलो. तुझ्याशी खोटं बोललो ते भीतीनं, असं तरी म्हणता येईल. या गप्प बसण्याला माझ्याकडे काहीच नाव नाही.

एवढी वर्षं मी मनाची समजूत घालत आलो की झालं गेलं, पोरगी सुखात आहे. पण गेल्या महिन्यात आईनं फोनवरचं तुझं बोलणं मला सांगितलं. पिंकीला खो-खोच्या निवासी केंद्राच्या निवडीला जायचंय, तिच्या बाईंनी फॉर्म दिलाय, आणि तू सही करत नाहीस. तू म्हणालीस, "आपल्या रक्तातच ते न्हाई, आई. मी पाच वर्षं पळ पळ पळले, शेवटी यादीत नाव आलं न्हाई. लेकराला कशाला त्याच वाटंनं रडवू?"

आपल्या रक्तात ते नाही, हे तुला कुणी सांगितलं? मी सांगितलं. दुसऱ्या कुणीही नाही.

फॉर्मची शेवटची तारीख वीस आहे, असं कळलं. म्हणून हे पत्र आज लिहून उद्या सकाळी स्पीड पोस्टानं टाकतो. सही कर असं मी सांगत नाही. तो हक्क मी घालवून बसलो आहे. पिंकी लहान आहे, घरापासून लांब राहायचं, तिची आई तू आहेस. पाठवायचं नसेल तर नको पाठवू. पण जे ठरवशील ते माझ्या खोट्यावर ठरवू नको.

तुझ्या आईला काल सांगितलं. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. मग माझ्यापुढं ताट ठेवलं आणि बाहेर जाऊन बसली. आज दिवसभर माझ्याशी बोललेली नाही. फक्त दुपारी म्हणाली, "लिहून झालं का?" म्हटलं, व्हायलंय. म्हणाली, "काई सोडू नका."

सरांकडेही गेलो होतो. त्यांच्या ओसरीवर बसून म्हटलं, सर, माझं चुकलं, आता राजूला सगळं लिहून कळवतो. मी हात जोडले तर त्यांनी ते खाली केले. म्हणाले, माझं सोडा, मी मास्तर माणूस, लोक काय काय बोलतात त्याची सवय असते. पण आत जाऊन आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात ती यादी होती आणि संमतीचा कोरा कागद. सतरा वर्षं त्यांनी जपून ठेवली. मी विचारलं, का ठेवलीत? म्हणाले, ती कधीतरी येऊन इचारंल म्हणून.

दोन्ही कागद या पत्रासोबत पाठवत आहे. यादीत दुसऱ्या क्रमांकावर बघ. 'कु. राजेश्री भागवत, वालूर.' बारा जणींत दुसरी.

सर म्हणत होते, चित्रातली धावणारी मुलगी राजेश्री करा, अजून चेहरा भरायचा आहेच. मी नको म्हटलं. तुला न विचारता तुझ्याबद्दल मी आता काहीही ठरवणार नाही, भिंतीवरसुद्धा नाही. तिथं सातवीतली एक पोरगी काढली आहे, फार चपळ आहे.

सव्वीस तारखेला ये असंही म्हणत नाही. आलीस तर माझ्यासाठी नको, सरांना भेटायला ये. न आलीस, या पत्राचं उत्तर दिलं नाहीस, तरी मी तुझ्या आईजवळ एका शब्दाची तक्रार करणार नाही. रागव. भरपूर रागव. त्या वेळी तुला रागवायलाही मिळालं नाही, तू माझंच सांत्वन करत बसलीस. मला तू लहानपणापासून फार लाडकी, हे मी तुला कधी तोंडानं म्हटलं नाही. लाडकीच होतीस, आणि तरीही मी असं वागलो. दोन्ही खरं आहे.

संमतीच्या कागदावर 'पालकाची सही' अशी जागा आहे. काल रात्री चष्मा लावून तिथं सही केली आणि खाली आजवरची सगळ्यात लाजिरवाणी तारीख घातली, ११ जानेवारी २०२५. त्या कागदाचा आता कुठल्याच कचेरीत उपयोग नाही. तो फक्त तुझ्यासाठी आहे. तू जायला पाहिजे होतंस, पोरी. माझी परवानगी आहे.

तुझा,
नाना